ट्रकच्या हौद्यावर इंजिन उचलण्याचा हॉइस्ट: पहिल्यांदाच बांधणाऱ्यांसाठी

जड इंजिन उचलायचं म्हटलं की बहुतेकांना चाकांवरचा, घडी होणारा इंजिन-क्रेन आठवतो. काँक्रीटच्या सपाट फरशीवर त्याला तोड नाही. पण इंजिन शेडच्या मागे मातीत पडलं असेल, तर त्या क्रेनची छोटी लोखंडी चाकं रुतून बसतात. कसंबसं इंजिन उचललंच, तर ते ट्रकच्या हौद्यापर्यंत वर नेण्याएवढी उंची अनेकदा त्या क्रेनला नसते. त्यातही त्याचा हात जितका लांब काढावा तितकी त्याची ताकद कमी होते. ट्रकवरच हॉइस्ट बसवला की या दोन्ही अडचणी सुटतात. ट्रक इंजिनापाशी नेता येतो, आणि उचललेलं इंजिन थेट हौद्यात घेता येतं.

या लेखातला हॉइस्ट ५०० किलोपर्यंतच्या वजनासाठी आहे. हौद्यावर दोन दरवाजासारख्या चौकटी, त्यांच्या खाली लांबीच्या दिशेने टांगलेला एक आय-बीम (इंग्रजी I च्या आकाराची लोखंडी तुळई), त्यावर चाकांनी सरकणारी ट्रॉली आणि ट्रॉलीला चेनपुली (हाताने साखळी ओढून वजन उचलायचं साधन), अशी रचना आहे. बीम हौद्याच्या मागे ९० सेंमी बाहेर येतो. इंजिन बाहेर उचलायचं, ट्रॉली आत ढकलायची आणि इंजिन हौद्यात उतरवायचं. फिरत्या हाताचा, हौद्याच्या कोपऱ्यात बसणारा क्रेनही बांधता येतो, पण त्यात सगळं वजन एकाच खांबाला पिळतं आणि वाकवतं. पहिल्यांदा करणाऱ्याने त्या वाटेला जाऊ नये असं माझं स्पष्ट मत आहे.

आधी वजनाचा रस्ता समजून घ्या

कापाकापी सुरू करण्याआधी एक कागद घ्या आणि वजन कुठून कुठे जातं ते काढा. इंजिनाचं वजन साखळीत, साखळीतून हुकात, हुकातून चेनपुलीत, मग ट्रॉली, बीम, चौकट, चौकटीचा पाय, चासी आणि शेवटी जमीन. या रस्त्यावरचा सर्वांत कमजोर दुवा जेवढं पेलेल तेवढीच तुमच्या हॉइस्टची ताकद. चेनपुलीवर "१ टन" असं कोरलेलं असलं तरी ती आकडेवारी फक्त चेनपुलीची असते, तुमच्या हॉइस्टची नव्हे.

तुमच्या इंजिनाचं वजन किती, हे निर्मात्याच्या पुस्तिकेतून घ्या. अंदाजासाठी सांगायचं तर अ‍ॅल्युमिनियम ब्लॉकचं छोटं चार सिलिंडरचं पेट्रोल इंजिन साधारण १०० ते १५० किलो भरतं. जुनं बिडाचं व्ही-८ साधारण २५० ते ३०० किलोंचं असतं. मध्यम ट्रकचं सहा सिलिंडरचं डिझेल इंजिन ५०० किलोंच्या आसपास जातं. गिअरबॉक्स जोडलेला ठेवला तर त्याचं वजन वेगळं धरा. आत राहिलेलं तेल आणि पाणीही वजनातच मोजलं जातं.

आता हिशेब. ५०० किलो इंजिन आणि ३० किलो चेनपुली-ट्रॉली मिळून ५३०. वजन उचलताना आणि थांबवताना झटके बसतात, म्हणून त्यात पाव भाग वाढवायचा. झाले साधारण ६६० किलो. हे वजन मागच्या चौकटीपासून ९० सेंमी बाहेर लटकतं. दोन चौकटींमधलं अंतर १८० सेंमी धरू.

बीम इथे सी-सॉसारखा वागतो. मागची चौकट हा त्याचा टेकू. बाहेरचं टोक खाली दाबलं की आतलं टोक वर उठू पाहतं. ६६० गुणिले ९० भागिले १८०, म्हणजे पुढच्या चौकटीला ३३० किलोंची ओढ वरच्या दिशेने बसते. मागच्या चौकटीवर ६६० अधिक ३३०, म्हणजे ९९० किलो खाली दाबतात. हे दोन आकडे नीट लक्षात ठेवा. ५०० किलोचं इंजिन उचलताना मागच्या चौकटीवर जवळजवळ एक टन येतो. पुढची चौकट तर हौद्याच्या पत्र्यातून उपटून निघायला बघते. नवखा माणूस मागची चौकट दणकट करतो आणि पुढची चार छोट्या बोल्टांनी पत्र्याला जोडून टाकतो. पत्रा दबाव बऱ्यापैकी सोसतो, पण अशी ओढ बसली की बोल्टाच्या डोक्याभोवती फाटतो.

ट्रकला हे झेपेल का

हॉइस्ट बांधण्याआधी ट्रकचा विचार करायला हवा, कारण मोठा खर्च होऊन गेल्यावर ट्रक लहान निघाला तर इलाज नसतो. दोन गोष्टी तपासा.

पहिली म्हणजे वाहनक्षमता. इथे सांगितलेल्या मापांचा हॉइस्ट पायांसकट २०० किलोंच्या पुढे जातो. त्यात ५०० किलोचं इंजिन आणि दोन माणसं धरली की छोट्या पिकअपची क्षमता संपत येते. वाहनाच्या पाटीवरचा एकूण वजनाचा आकडा आणि मागच्या धुरीचा (अ‍ॅक्सलचा) आकडा, दोन्ही पाहा.

दुसरी म्हणजे तोल. हौद्याची मागची कड मागच्या धुरीपासून ११० सेंमीवर आहे असं धरा. इंजिन त्याच्याही मागे ९० सेंमी, म्हणजे धुरीच्या मागे २ मीटर. पुढच्या आणि मागच्या चाकांत ३ मीटर अंतर असेल तर ५०० किलो लटकताना पुढची चाकं सुमारे ३३३ किलोंनी हलकी होतात आणि मागच्या धुरीवर ८३३ किलो वाढतात. मागचे पाटे दबतात, हौदा मागे कलतो आणि त्याबरोबर बीमही बाहेरच्या बाजूला उतरता होतो. मग ट्रॉली लटकत्या इंजिनासकट आपोआप बाहेर धावते. म्हणून मागच्या चौकटीच्या बरोबर खाली जमिनीवर टेकणारे दोन पाय हवेतच. ते वगळून केलेला हॉइस्ट मला मान्य नाही.

वाहनाच्या रचनेत असा कायमचा बदल करायला तुमच्या भागातल्या वाहन नोंदणी कार्यालयाची परवानगी लागते का, आणि मागे किती भाग बाहेर आलेला चालतो, हे आधी विचारून घ्या. या रचनेत बीम आणि चौकटी बोल्ट काढून उतरवता येतात, त्यामुळे रस्त्यावर जाताना बाहेर आलेलं टोक राहत नाही.

उंची काढणे

इथे घाई करू नका. बीमची खालची कड हौद्याच्या तळापासून किती उंच हवी, हे खालून वर मोजत जायचं. इंजिन हौद्यात येताना तळापासून १० सेंमी मोकळं हवं. इंजिनाची उंची ८० सेंमी धरू. वरच्या साखळीच्या त्रिकोणाला ४० सेंमी लागतात. चेनपुली पूर्ण वर ओढल्यावर तिच्या दोन हुकांमध्ये जे अंतर उरतं ते साधारण ३५ सेंमी. हा आकडा विकत घेतानाच विचारा, प्रत्येक चेनपुलीत तो वेगळा असतो. ट्रॉलीला १० सेंमी. एकूण १७५ सेंमी.

हौद्याचा तळ जमिनीपासून ८५ सेंमी असेल तर बीमची खालची कड २ मीटर ६० सेंमीवर येते. चेनपुलीची साखळी जमिनीवरच्या इंजिनापर्यंत पोचायला हवी, तेव्हा ३ मीटर उचल असलेली चेनपुली घ्या. मागचा फाळका उघडून खाली सोडला तर तो उचलीच्या आड येतो. सरळ काढूनच ठेवा.

सामान

बीम: १४० मिमी उंचीचा आय-बीम, ३ मीटर. या मापाच्या बीमचा सेक्शन मॉड्युलस, म्हणजे आकारामुळे बीम वाकण्याला किती विरोध करतो ते सांगणारा आकडा, साधारण ७७ घन सेंमी असतो. वाकवणारा जोर ६६० गुणिले ९०, म्हणजे ५९,४०० किलो-सेंमी. त्याला ७७ ने भागलं की चौरस सेंमीला सुमारे ७७० किलोंचा ताण निघतो. साधं पोलाद २,४०० किलोंच्या आसपास कायमचं वाकायला लागतं, तेव्हा तिपटीची सुरक्षितता हाती राहते. यापेक्षा कमी घेऊ नका. १२० मिमीचा बीम दिसायला पुरेसा वाटतो, पण त्याचा मॉड्युलस ५३ च्या आसपास आहे आणि सुरक्षितता दुपटीच्या जरा वर, एवढीच उरते.

चौकटींचे आडवे तुकडे: १०० × १०० × ५ मिमी चौकोनी पाइप. मागच्या आडव्या पाइपवर मधोमध ९९० किलो येतात. खांबांमध्ये दीड मीटर अंतर असेल तर ताण चौरस सेंमीला ७०० किलोंच्या आत राहतो.

उभे खांब: ८० × ८० × ५ मिमी चौकोनी पाइप, चार.

तिरके आधार: ५० × ५० × ५ अँगल. गसेटसाठी (कोपरे बळकट करणाऱ्या त्रिकोणी तुकड्यांसाठी) ६ मिमी पट्टी आणि खांबांच्या तळपट्ट्यांसाठी १२ मिमी प्लेट, २०० × २०० मिमी.

बोल्ट: एम-१६, ८.८ ग्रेड. डोक्यावर ८.८ कोरलेलं नसेल तर तो बोल्ट या कामासाठी नाही. भंगारातली पाण्याची पाइप वापरायचा मोह टाळा. तिचं पोलाद कोणतं ते माहीत नसतं, आणि जस्त चढवलेल्या पाइपवर वेल्डिंग केलं तर जस्ताचा धूर छातीत जाऊन ताप भरतो.

चेनपुली एक टनाची घ्या, ५०० किलोची नको. हाताने ओढायचीच घ्या. गाडीच्या बॅटरीवर चालणारी विंच इथे वापरू नका. चिखलात रुतलेली गाडी जमिनीवरून ओढण्यासाठी ती बनवलेली असते. लटकतं वजन धरून ठेवणारा ब्रेक तिच्यात बहुधा नसतो आणि अनेक विंचांवर "उचलण्यासाठी नाही" असं छापलेलंही असतं. चेनपुलीत वजनाच्याच दाबाने आवळणारा ब्रेक असतो. हातातली साखळी सोडली तरी इंजिन आहे तिथेच राहतं.

चासीला जोड

चासीला वेल्डिंग करायचं नाही. चासीच्या वरच्या आणि खालच्या पट्ट्यांना भोक पाडायचं नाही. गाडी वाकताना सगळा ताण त्या पट्ट्यांतूनच जातो आणि तिथलं भोक पुढे चिरेचं तोंड बनतं. निर्मात्याने दिलेली भोकं उभ्या बाजूला असतील तर ती वापरा. नसतील तर चासीच्या दोन्ही रुळांवर हौद्याच्या तळाला लागून १०० मिमीचे चॅनल ठेवा आणि यू-बोल्टांनी आवळा. यू-बोल्ट आवळताना चासीचा उघडा चॅनल चेपू नये म्हणून आतून लोखंडी टेकू घाला. लाकडाचा टेकू सायलेन्सरजवळ पेटू शकतो. ब्रेकची नळी आणि वायरिंग यू-बोल्टाखाली दबत नाही ना, हे टॉर्च घेऊन गाडीखाली झोपून पाहा.

दोन चॅनलांवर दोन आडवे चॅनल, एक हौद्याच्या मागच्या कडेला आणि एक १८० सेंमी पुढे. चौकटींचे पाय यांवर बसतात. हौद्याचा पत्रा मध्ये येत असेल तर बोल्ट पत्र्यातून आरपार जाऊन खालच्या चॅनलमध्ये आवळला पाहिजे. पुढच्या चौकटीची ती वरची ओढ चासीपर्यंत पोचवण्याचा हा एकच रस्ता आहे.

गाडीवर कसलंही वेल्डिंग करायची वेळ आलीच तर बॅटरीच्या तारा सोडवा आणि इंधनाच्या टाकीपासून लांब राहा. चौकटी मात्र गाडीवर नकोत, जमिनीवरच वेल्ड करा.

चौकटी बांधणे

सपाट जागेवर दोन खांब आणि वरचा आडवा पाइप मांडा. दोन्ही सांध्यांना टाके (छोटे तात्पुरते वेल्ड) मारा आणि दोन्ही कर्ण मोजा. दोन कर्णांत २-३ मिमीपेक्षा जास्त फरक असेल तर टाका तोडून पुन्हा बसवा. एकदा पूर्ण वेल्ड झाल्यावर चौकट सरळ करणं फार अवघड जातं. मग समोरासमोरच्या बाजू आळीपाळीने वेल्ड करा, म्हणजे उष्णतेने चौकट एका बाजूला ओढली जात नाही.

सांध्यावरचा काळा पापुद्रा आणि गंज ग्राइंडरने घासून लोखंड चकचकीत करा. कमी हायड्रोजनचा रॉड, ३.१५ मिमी, कोरडा. थंड लोखंडावर वर वर बसलेला वेल्ड बघायला छान गोलसर दिसतो, पण त्याची कड लोखंडात मिसळलेली नसते. अशी कड नखाला लागते, तिथे बारीक घळ जाणवते. नीट बसलेल्या वेल्डची कड पाइपच्या अंगात सपाट विरते. फरक कळत नसेल तर चौकटीचे सांधे जाणत्या वेल्डरकडून करून घ्या. बाकी मोजणं, कापणं, भोकं पाडणं, जोडणं हे सगळं तुम्हीच करा. त्यात कमीपणा काही नाही.

कोपऱ्यांत ६ मिमीचे त्रिकोणी गसेट लावा, १५० मिमी बाजूचे. आतलं टोक थोडं छाटा, म्हणजे तीन वेल्ड एकाच बिंदूत येत नाहीत. गसेट चौकटीला आडवं हेलकावण्यापासून रोखतात. पुढे-मागे हलणं रोखण्यासाठी मागच्या खांबाच्या माथ्यापासून पुढच्या खांबाच्या पायथ्यापर्यंत दोन्ही बाजूंना अँगल तिरका जोडा. हे तिरके आधार नसतील तर ट्रॉली ढकलताना सगळा सांगाडा झोकांड्या खातो. खांबांची उघडी टोकं बंद करा आणि तळाशी पाणी निघायला एक छोटं भोक ठेवा.

बीम टांगणे

ट्रॉली बीमच्या खालच्या पट्ट्यावर धावते. त्यामुळे बीम आडव्या पाइपच्या खाली टांगावा लागतो. साधा विचार असा की बीमच्या वरच्या पट्ट्याला चार भोकं पाडून बोल्ट लावू. नेमकं तिथेच भोक पाडायचं नाही. मागच्या चौकटीखाली बीमवरचा वाकवणारा जोर सर्वांत जास्त असतो आणि वरचा पट्टा तिथे ताणला जातो. आपण हिशेबाने मिळवलेली तिप्पट सुरक्षितता त्या भोकांत वाया जाते. वेल्डिंगही तिथे नको.

त्याऐवजी पकडी करा. आडव्या पाइपच्या तळाला आधीच १२ मिमीची प्लेट वेल्ड केलेली असेल, बीमच्या पट्ट्यापेक्षा दोन्ही बाजूंनी ५०-६० मिमी जास्त रुंद. बीमचा वरचा पट्टा त्या प्लेटला टेकवा. खालून दोन्ही बाजूंना जाड पट्ट्या अशा लावा की त्यांची आतली कड बीमच्या पट्ट्याखाली शिरेल. बाहेरच्या कडेला पट्ट्याच्या जाडीएवढा तुकडा घाला, नाहीतर पकड तिरकी आवळते. मग बीमच्या बाहेरून बोल्ट आवळा, प्रत्येक बाजूला दोन. एम-१६, ८.८ बोल्ट या वजनाच्या कितीतरी पट पेलतो, पण पकडपट्टी पातळ असेल तर ती उघडते, म्हणून तीही १२ मिमीचीच घ्या. ट्रॉलीच्या बाजूच्या पट्ट्या पकडींखालून न घासता जातात ना, ते रिकाम्या ट्रॉलीने तपासा.

बीम पकडीतून पुढे-मागे सरकू नये म्हणून पुढच्या टोकाला उभ्या पोटात एक भोक पाडून बोल्टाने तो चौकटीला अडवा. पुढच्या टोकाशी वाकवणारा जोर जवळपास शून्य असतो, तिथे भोक चालतं.

ट्रॉलीच्या चाकांमधलं अंतर बीमच्या पट्ट्याप्रमाणे वायसर कमी-जास्त करून जुळवा. चाकाची कड आणि पट्टा यांत दोन्ही बाजूंना मिळून ३-४ मिमी मोकळीक बस. बीमच्या दोन्ही टोकांना ट्रॉली अडवणारे बोल्ट लावा आणि ट्रॉली चढवताच लावा. "नंतर लावू" म्हटलेला बोल्ट विसरला की ट्रॉली टोकावरून खाली येते.

जमिनीवरचे पाय

मागच्या प्रत्येक खांबाच्या खाली, आडव्या चॅनलला जोडलेला एक पाय. वर सरकणारी पाइप, तिला पिन आणि तळाशी स्क्रू जॅक. नुसत्या पिनेवर थांबू नका. वजन आल्यावर पाटे दबतात, पिन भोकात अडकते आणि हातोड्यानेही निघत नाही. स्क्रू असला की तो उलटा फिरवून पाय सैल करता येतो, मग पिन सहज निघते.

दोन पायांवर मिळून जवळजवळ एक टन येतो. पायाचा तळ १० × १० सेंमी असेल तर चौरस सेंमीला ५ किलो दाब पडतो आणि ओल्या मातीत तो शिरतो. खाली ३० × ३० सेंमीचा जाड फळा ठेवला की दाब अर्ध्या किलोच्या जवळ येतो.

एक बारीक पण जीवघेणी गोष्ट. बहुतेक हलक्या ट्रकांचा हँडब्रेक मागच्या चाकांवर चालतो. पाय जास्त वर चढवून मागची चाकं जमिनीवरून उचलली गेली तर हँडब्रेकचा काही उपयोग राहत नाही. पाय घट्ट टेकेपर्यंतच चढवा, चाकं जमिनीवरच राहू द्या. शिवाय पुढच्या चाकांना दोन्ही बाजूंनी गुटके लावा.

चाचणी

पहिलं इंजिन म्हणजे चाचणी नव्हे. पाण्याने भरलेली २०० लिटरची तीन पिंपं घ्या. पाणीच ६०० किलो झालं, पिंपांचं वजन वेगळं. हे ठरवलेल्या वजनाच्या सव्वापट पडतं. एका मजबूत फळीवर पिंपं बांधून आधी एकच भरा, मग दुसरं, मग तिसरं. ट्रॉली बाहेरच्या टोकाला ठेवून जमिनीपासून जेमतेम १० सेंमी उचला आणि लांब उभे राहा. दहा मिनिटं तसंच लटकू द्या.

बीमच्या टोकाला ओळंबा सोडा आणि खाली मोजपट्टी उभी करा. एकट्या बीमची लवण, म्हणजे टोकाचं खाली वाकणं, साधारण ४ मिमी येईल. चौकट, पाय आणि जमीन दबल्यामुळे प्रत्यक्षात जास्त दिसेल. लवण किती, यापेक्षा वजन उतरवल्यावर टोक मूळ जागी येतं का, हे पाहा. परत आलं नाही तर कुठेतरी लोखंड कायमचं वाकलंय, वेल्ड सुटतोय किंवा पकड सरकलीय. कारण सापडेपर्यंत हॉइस्ट वापरू नका. पुढे भेदक रंगाची फवारणी करून सगळे वेल्ड तपासा. चिरेत शिरलेला लाल रंग पांढऱ्या पावडरीवर रेघ बनून उमटतो, डोळ्यांना न दिसणारी चीर त्यात दिसते.

प्रत्यक्ष उचल

इंजिनाला निर्मात्याने उचलायचे कान दिलेले असतात, तेच वापरा. इनटेक मॅनिफोल्डच्या किंवा रॉकर कव्हरच्या बोल्टांना साखळी लावू नका. कान हरवले असतील तर सिलिंडर हेडच्या किंवा ब्लॉकच्या मजबूत भोकांत पट्टी लावून बोल्ट आवळा. बिडात बोल्टाच्या व्यासाच्या दीडपट आणि अ‍ॅल्युमिनियममध्ये दुप्पट आटे आत गेले पाहिजेत.

साखळीचा कोन बघा. ५०० किलोचं वजन दोन फांद्यांवर असेल तर फांद्या उभ्या असताना प्रत्येकीवर २५० किलो येतात. फांदी आडव्याशी ६० अंशाचा कोन करते तेव्हा २८९, ४५ अंशांत ३५४, आणि ३० अंशांत थेट ५००. म्हणजे आखूड साखळी पसरट लावली की प्रत्येक फांदी पूर्ण इंजिन उचलते. ६० अंशांपेक्षा पसरट लावू नका. उंची कमी पडते म्हणून साखळी आखूड करायची वेळ आली तर चूक उंचीच्या हिशेबात आहे, ती तिथेच दुरुस्त करा.

ट्रक सपाट जागी उभा करा, बीमवर पाणसळ ठेवून बघा. हुक इंजिनाच्या बरोबर वर आणा. तिरकं ओढू नका, इंजिन सुटताक्षणी ते हेलकावा खातं. चेनपुली ताठ होईपर्यंत ओढा आणि थांबा. गाडीतून इंजिन काढत असाल तर आता गाडीकडे बघा. इंजिनाखालचे रबर मोकळे व्हायला हवेत. त्याऐवजी गाडीचं नाक वर येत असेल तर कुठलातरी बोल्ट, अर्थिंगची पट्टी किंवा पाइप अजून लागलेला आहे. चेनपुलीत तुमच्या हाताच्या थोड्याशा ओढीचं शेकडो किलोंत रूपांतर होतं, त्यामुळे काहीतरी तुटायला आलंय हे हाताला कळत नाही. ते डोळ्यांनीच कळतं.

५ सेंमी उचलून पुन्हा थांबा. फ्लायव्हीलकडची बाजू बहुधा जड असते, तिकडे इंजिन कललं तर खाली ठेवा आणि हुक तिकडे सरकवा. हवेत हाताने दाबून तोल साधू नका. मग वर घ्या. इंजिन हौद्याच्या कडेच्या थोडंसं वर आलं की पुरे. एकाने ट्रॉली हळूहळू आत न्यावी, दुसऱ्याने इंजिनाला बांधलेला दोर धरून हेलकावा आवरावा. सूचना एकानेच द्यायच्या, "थांब" मात्र कुणीही म्हणू शकतो. इंजिनाखाली हात, पाय, डोकं, काहीही जायला नको. मुलं आणि कुत्री आवारातच नकोत.

इंजिन लाकडी ओंडक्यांवर, मागच्या धुरीच्या शक्य तितकं जवळ उतरवा आणि चारही कोपऱ्यांतून पट्ट्यांनी चासीकडे खाली ओढून बांधा. चेनपुली सैल करून काढून घ्या. इंजिन हुकाला लटकत ठेवून ट्रक हातभरही हलवायचा नाही, अगदी आवारातल्या आवारातसुद्धा. जमिनीवरचे पाय वर घेतले का, पिना लावल्या का, ट्रॉली बांधली का, हे गाडी सुरू करण्याआधी खाली उतरून एकदा पाहा.

पुढची देखभाल

बीमच्या दोन्ही बाजूंना ठळक अक्षरांत "५०० किलो" असं रंगवा. उद्या कुणी उसना मागून नेला तर त्याला तुमचा हिशेब माहीत नसतो. यू-बोल्ट पहिल्या प्रवासानंतर पुन्हा आवळा, ते हमखास सैल होतात. चेनपुलीच्या हुकाचं तोंड नवीन असतानाच मोजून लिहून ठेवा. ते उघडत चाललं असेल किंवा हुकाची कडी बसत नसेल तर हुक बदला, ठोकून बंद करू नका. मागच्या पकडीजवळचा रंग तडकला तर त्याखालचं लोखंड उघडं करून पाहा. वेल्डवर जाड रंगाचे थर देऊ नका, एक पातळ फिकट हात पुरतो, म्हणजे चीर पडली तर गंजाची रेघ लगेच दिसते.

ओव्हरहेड विजेच्या तारांखाली हा हॉइस्ट उभा करू नका, आणि बीम बसवताना-उतरवताना तर मुळीच नको. ३ मीटरचा बीम एका टोकाने उचलला की तो वाटतो त्यापेक्षा बराच उंच जातो. त्याचं वजन ४० किलोंच्या आसपास आहे, तेव्हा चढवा-उतरवायला दोघं असा.